छत्तीस सेकंदांत गुरुजी

गेल्या महिन्यात चार दिवस घनसावंगीला जाऊन आलो. मोसंबीच्या बागा, गोदाकाठ, जांबसमर्थचं देऊळ, असं काहीबाही लिहायचं ठरवलं होतं. फोटोही काढून ठेवलेत. पण शेवटच्या दिवशी ताईच्या ओट्यावर चहा पिताना एक विषय निघाला आणि तेव्हापासून डोकं भणभणतंय. त्यामुळे मोसंबी पुढच्या वेळी. आज भांडण.

(नातेवाईक मंडळींना आधीच सांगून ठेवतो: हे वाचून ताईला फोन करू नका. तिला विचारूनच लिहितोय.)

तर झालं असं. माझी भाची २०२३ ची 'टेट' देऊन २०२४ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली, तीही आपल्याच जिल्ह्यात. घरात पेढे वाटून झाले, देवीला साडी नेसवून झाली. त्याच टेटला तिला आठवीपासून गणित शिकवणारे सरही बसले होते. ते राहिले. २०२५ ला पुन्हा बसले, पुन्हा राहिले.

हे सर एका विनाअनुदानित शाळेत बरीच वर्षं शिकवतायत. पगार म्हणाल तर तो सांगायची त्यांना लाज वाटते आणि ऐकायची आपल्याला. डी.एड. आहेत, टीईटी पास आहेत. त्यांची ख्याती एकच: पोरगं अडलं की सर थांबतात. फळ्यावर गणित अर्धं सोडून बाकावर येऊन बसतात आणि "तू कुठवर आलास ते सांग" म्हणतात. भाचीला अपूर्णांक असेच समजले. आमच्या घराण्यात अपूर्णांक समजलेली ती पहिलीच व्यक्ती असावी.

भाची म्हणाली, "मामा, मला नोकरी लागली, आनंदच आहे. पण ज्यांनी शिकवलं म्हणून मी पास झाले ते बाहेर, आणि मी आत. हे गणित मला तुम्हीच समजावून सांगा. तुम्ही तर जन्मभर हेच काम केलं ना?"

शेवटचं वाक्य लागलं. कारण ते खरं आहे. त्याकडे येतोच.

आधी ज्यांना टेट माहीत नाही त्यांच्यासाठी (पुण्यामुंबईतल्या आणि परदेशातल्या चुलत-मावस भावंडांसाठी). टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. टीईटी वेगळी. टीईटी ही पात्रता. त्यात बालमानसशास्त्र, भाषा, गणित असे शिकवण्याशी नातं असलेले विषय तरी असतात. टेट ही त्यानंतरची, क्रम लावणारी. पहिली डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी २०२३ मध्ये, तिसरी २०२५ मध्ये. मागच्या दोन्ही वेळी दोन लाखांहून जास्त उमेदवार बसले. तिच्या गुणांवर 'पवित्र' पोर्टलमधून शिक्षक निवडले जातात, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी मुलाखत नसते. म्हणजे तिथले गुण हाच निकाल.

आता पेपर बघा. २०० प्रश्न, १२० मिनिटं. भागाकार करा: एका प्रश्नाला ३६ सेकंद. १२० गुण अभियोग्यतेला, ८० बुद्धिमत्तेला. बुद्धिमत्तेत क्रमश्रेणी, समसंबंध, सांकेतिक भाषा, कूटप्रश्न. अभियोग्यतेत गणिती क्षमता, वेग आणि अचूकता, मराठी, इंग्रजी, आकृत्या फिरवणं, आणि (इथे मी चहाचा कप खाली ठेवला) 'कल, आवड, समायोजन, व्यक्तिमत्त्व'. म्हणजे माणसाचा स्वभावसुद्धा पर्यायांवर टिचकी मारून मोजायचा.

भाचीच्या गाईडमध्ये त्या धर्तीचा सराव होता. वर्गात दोन मुलं भांडतायत, तुम्ही काय कराल? पर्याय: दुर्लक्ष करीन, दोघांना बाहेर काढीन, मुख्याध्यापकांकडे पाठवीन, शांतपणे दोघांचं ऐकून घेईन. आता मला सांगा, नोकरीसाठी तळमळणारा कोणता माणूस "दोघांना बाहेर काढीन" वर टिचकी मारेल? छडी घेऊन वर्गात फिरणारे गुरुजीसुद्धा तिथे शांतपणे ऐकूनच घेणार. त्या प्रश्नातून एवढंच कळतं की उमेदवाराला बरोबर उत्तर ठाऊक आहे. तो तसा आहे की नाही, ते कळत नाही.

आता माझा कबुलीजबाब.

मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात (नाव नको) बरीच वर्षं कर्मचारी विभागात होतो. मध्ये एक काळ असा आला की साहेब लोक कुठल्यातरी सेमिनारहून परतले आणि भरतीला 'सायंटिफिक' करायचं ठरलं. बुद्धीची एक चाचणी आणि व्यक्तिमत्त्वाची एक. व्यक्तिमत्त्वाची चाचणी माणसाला चार इंग्रजी अक्षरांत बसवणारी. ती कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या अमेरिकेतल्या मायलेकींनी बेतली. दोघींचं मानसशास्त्राचं शिक्षण नव्हतं, आणि लेकीने त्याआधी रहस्यकादंबरी लिहिली होती. ही चाचणी भरतीसाठी वापरू नका, असं तिचे प्रकाशक स्वतःच सांगतात. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी ते रिपोर्ट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावत होतो आणि स्वतःला शास्त्रज्ञ समजत होतो.

एकदा आपल्याच तालुक्यातला एक आयटीआय झालेला पोरगा आला. गाववाला म्हणून माझा जीव त्याच्याकडे ओढत होता, पण रिपोर्टात 'पुढाकार कमी, संवाद कमी' असं आलं. मी निःपक्षपाती माणूस! सही करून नाकारला. सहा महिन्यांनी तो ठेकेदारामार्फत त्याच लाइनवर आला, निम्म्याहून कमी पगारात. वर्षभराने लाइनचे सुपरवायझर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मशीन बंद पडलं की सगळे त्यालाच हाक मारतात. ह्याला पर्मनंट का नाही घेतला तुम्ही?" माझ्या कपाटात उत्तर होतं, चार अक्षरांचं. ते त्यांना दाखवायची हिंमत झाली नाही.

बोलत नव्हता, कारण इंग्रजीत विचारलं होतं. पुढाकार नव्हता, कारण अनोळखी जागी थोरांसमोर पुढे पुढे करू नये असं त्याला घरी शिकवलं होतं. चाचणीने त्याचं घर मोजलं, हात मोजलेच नाहीत.

"मग बुद्धीच्या चाचण्या सगळ्या थोतांड?" असं दाजी म्हणाले. नाही, तसं मी म्हणत नाही. तसं म्हणणारे आकडे न बघताच बोलतात.

या चाचण्यांचं मूळ फ्रान्समध्ये. १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने आणि सिमोन यांनी पहिली मोजपट्टी केली. हेतू असा की शाळेत मागे पडणारी, जादा मदत लागणारी मुलं शोधावीत. आपल्याकडे डॉ. कामतांनी त्या कसोट्या मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतल्या, १९४० मध्ये त्यावर पुस्तक काढलं. 'बिने-कामत' हे नाव आजही दवाखान्यांत ऐकू येतं. म्हणजे कोणाला हात द्यायचा हे ठरवायला निघालेली ही पट्टी. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि सैन्यभरतीत तिच्याच वंशातल्या चाचण्या सतराएक लाख माणसांना दिल्या गेल्या. तिथून पट्टीचं काम बदललं. कोणाला कुठे बसवायचं हे ती ठरवू लागली.

मग ती खरंच काम ओळखते का? १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर या दोघांनी ८५ वर्षांतलं संशोधन एकत्र केलं आणि बुद्धीच्या चाचणीचा कामाशी सहसंबंध ०.५१ काढला. (शून्य म्हणजे काहीच नातं नाही, एक म्हणजे तंतोतंत.) त्यांच्याच यादीत हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखण्याला ०.०२ होते, ते वाचून मला फार आनंद झाला. जगभरच्या कर्मचारी विभागांनी तो ०.५१ देव्हाऱ्यात ठेवला. पण २०२२ मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशोब पुन्हा तपासला. अडचण अशी की ज्यांना घेतलं त्यांचंच काम आपण पाहू शकतो. ज्यांना नाकारलं त्यांनी कसं काम केलं असतं, ते कधीच कळत नाही. ही पोकळी भरायला जुन्या हिशोबात आकडे वाढवून धरत, आणि ते फार वाढवले गेले होते. नव्या हिशोबात बुद्धीची चाचणी ०.३१ वर आली. कामसूपणा मोजणाऱ्या व्यक्तिमत्त्व चाचणीला ०.१९. सगळ्यांत वर आली आखीव मुलाखत, म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न आणि गुण देण्याची ठरलेली पद्धत: ०.४२. प्रत्यक्ष काम करून दाखवायला लावणं: ०.३३.

०.३१ म्हणजे किती, ते साध्या भाषेत सांगतो. चाचणीत वरच्या निम्म्यात आलेल्या १०० जणांपैकी साधारण ६० जण कामातही वरच्या निम्म्यात निघतील. नाणं उडवलं असतं तर ५० निघाले असते. दहा माणसांचा फायदा. हजारो माणसं घ्यायची असतील तर हा फायदा खरा आहे, मी नाकारत नाही. पण उरलेले ४० आणि खालच्या निम्म्यात अडकलेले आणखी ४०? त्यातले एक सर मला ठाऊक आहेत.

आणि हे झालं सगळ्या कामांचं मिळून. शिक्षकांचं? क्लासन आणि किम या संशोधकांनी २०१९ मध्ये शिक्षक निवडीच्या पद्धतींवरचे ३२ अभ्यास एकत्र केले. निवडीतले गुण आणि पुढे वर्गात दिसणारं काम यांचा सहसंबंध निघाला ०.१२ च्या आसपास. वरचाच हिशोब लावला तर शंभरात ५४. आणि आपण २०० पैकी एका-दोन गुणांच्या फरकाने एकाला जिल्हा परिषदेची कायम नोकरी देतो आणि दुसऱ्याला जन्मभर विनाअनुदानितमध्ये ठेवतो.

आता दाजींचा खरा मुद्दा, आणि तो वजनदार आहे. ते म्हणाले, "तुमचं आकड्यांचं ठीक आहे. पण आधी काय होतं ते विसरलात का? संस्थेत मुलाखत म्हणजे लिलाव. अमक्याची सून, तमक्याचा मेहुणा, नाहीतर शेत विकून आणलेले पैसे. मुलाखत फक्त नावाला. ह्या परीक्षेत पोरीला एक रुपया द्यावा लागला नाही."

यावर मी गप्प बसलो. कारण ताईने भाचीसाठी वेगळा काढून ठेवलेला जमिनीचा तुकडा विकावा लागला नाही, तो याच परीक्षेमुळे. २०१२ मध्ये शिक्षकभरती बंद झाली, मग पाच वर्षांनी टेट आली, आणि पोरांनी सुटकेचा श्वास टाकला. हे मान्य केल्याशिवाय टेटवर टीका करणारा माणूस एकतर संस्थाचालक असतो किंवा त्याचा पाहुणा.

पण दाजी, नीट बघा. तुम्ही परीक्षेची जी स्तुती केलीत ती अशी की ती पैसे खात नाही. चांगला शिक्षक निवडते असं तुम्हीही म्हणाला नाहीत. चोर आत येऊ नये म्हणून दाराला कुलूप लावलं, उत्तम केलं. पण कुलपाला पाहुण्यांची पारख कशी असणार? आणि कुलूपसुद्धा आपोआप पक्कं नसतं. २०२१ मध्ये टीईटीचा घोटाळा उघडकीला आला, पैसे घेऊन गुण वाढवल्याबद्दल परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली, आणि हजारो उमेदवार बाद झाले. तेव्हा परीक्षा म्हटली की स्वच्छ, हेही गृहीत धरता येत नाही. ती स्वच्छ ठेवावी लागते. मग तेवढीच मेहनत घेऊन दुसरी, कामाशी नातं असलेली पद्धत स्वच्छ का ठेवता येणार नाही?

"सगळ्यांना तोच पेपर, यापेक्षा न्याय कोणता?" हाही एक प्रश्न नेहमी येतो. अमेरिकेत ड्यूक पॉवर नावाच्या वीज कंपनीने असंच म्हटलं होतं. चांगल्या कामावर जायचं तर सगळ्यांना तीच बुद्धीची चाचणी. तिथे पिढ्यान् पिढ्या वाईट शाळांत शिकलेले काळे कामगार त्यात गळत. ग्रिग्ज आणि इतरांनी खटला केला आणि १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चाचणी वरवर सगळ्यांना सारखी असून भागत नाही. तिचा त्या कामाशी संबंध आहे हे मालकाने दाखवलं पाहिजे. मला हा निकाल आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर चिकटवावासा वाटतो. दिवसा वर्ग घेऊन रात्री गाईड उघडणारे सर आणि नोकरी सोडून शहरात अभ्यासिका लावलेला उमेदवार यांना पेपर सारखाच असतो. छत्तीस सेकंद मात्र सारखे नसतात.

शिवाय काम काय आहे ते तर बघा. भाचीची शाळा दोन शिक्षकी. एका खोलीत पहिली-दुसरी एकत्र. दिवाळी झाली की निम्मे आईबाप ऊसतोडीला जातात. काही लेकरं त्यांच्याबरोबर फडावर, काही आजीजवळ. आजीला समजावून लेकरू मागे ठेवून घ्यायचं, चार महिन्यांनी परत आलेल्याला पुन्हा बाराखडीपासून धरायचं, खिचडीचा हिशोब लिहायचा, मतदार याद्याही करायच्या. पहिल्या वर्षी एक मुलगा तीन आठवडे तिच्याशी बोललाच नाही. "मग काय केलंस?" म्हटलं. म्हणाली, "काही नाही मामा. सरांसारखी जाऊन शेजारी बसत गेले. चौथ्या आठवड्यात त्याने पेन्सिल मागितली."

तीन आठवडे. छत्तीस सेकंदांच्या पेपरात हा गुण कुठल्या रकान्यात मोजणार? उलट थांबणाऱ्या माणसाला ती परीक्षा गाळतेच, कारण थांबलात की पुढचा प्रश्न गेला. सरांचं तेच झालं. मला म्हणाले, "आकृती दिसली की मी विचार करायला लागतो हो, पोरांना ही कशी समजावून सांगावी."

नुसती टीका करून पळ काढणाऱ्यांतला मी नाही, म्हणून उपायही सांगतो. टेट ठेवा, पण चाळणी म्हणून. लोकसेवा आयोगाने सीसॅटचं हेच केलं. २०११ मध्ये आणलेला हा पेपर २०१५ पासून फक्त पात्रतेपुरता, ३३ टक्क्यांचा. आपल्या एमपीएससीनेही २०२३ पासून तसंच केलं. टेटमध्ये ठरावीक गुण मिळाले की माणूस आत. मग जागांच्या तिप्पट उमेदवार बोलवा आणि खऱ्या शाळेत, खऱ्या पोरांसमोर वीस मिनिटांचा पाठ घ्यायला लावा. धडा आयत्या वेळी चिठ्ठीने. परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातले, दोघे, एकमेकांशी न बोलता गुण देणारे. कॅमेरा चालू. त्यानंतर सगळ्यांना तेच पाच प्रश्न, आणि कुठल्या उत्तराला किती गुण हे आधीच जाहीर. डी.एड.ला आपण सराव पाठ घ्यायला लावतोच की! फक्त भरतीच्या वेळी ते विसरतो. आणि शेवटी ताळा करा: पाच वर्षांनी कोणाच्या वर्गातली पोरं वाचायला शिकली ते त्यांच्या टेटच्या गुणांशी ताडून छापा. काट्यावर माल तोलायचा तर काटासुद्धा तपासून घ्यावा लागतो.

"एवढा खर्च कोण करणार?" सैन्यातल्या अधिकाऱ्यासाठी देश करतो. एसएसबीला पाच दिवस ठेवून घेतात. बुद्धीची चाचणी पहिल्याच दिवशी चाळणी म्हणून होते. पुढचे दिवस गटाबरोबर ओझी उचलून अडथळे पार करायला लावतात, मुलाखत घेतात, शेवटी सगळे परीक्षक एकत्र बसतात. तीही पद्धत निर्दोष नाही. पण अधिकाऱ्याला पाच दिवस आणि गुरुजीला दोन तास, हे प्रमाण बघून आपल्याला काय महत्त्वाचं वाटतं ते कळतं.

जाता जाता. समर्थ रामदास १६०८ मध्ये आमच्याच तालुक्यात, जांबला जन्मले. दासबोधात त्यांनी मूर्खांची लक्षणं लिहिली आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खांची वेगळी. आधी विनोदाने म्हणणार होतो की व्यक्तिमत्त्व चाचणीचा शोध आमच्याकडेच लागला. पण ती यादी पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं की त्यातलं एकही लक्षण विचारून कळणारं नाही. माणसाबरोबर वावरावं लागतं, त्याचं वागणं बघावं लागतं. आणि वाचता वाचता पहिली टिचकी स्वतःच्या नावापुढे पडते. माझी तर पडलीच, त्या प्लास्टिकच्या फोल्डरसकट.

निघताना सरांकडे जाऊन आलो. ओसरीत चार पोरं बसली होती, फुकटची शिकवणी. मी दारात उभा राहिलो तरी सरांनी वर पाहिलं नाही. एक पोरगी वहीत अडली होती आणि सर तिच्या शेजारी बसून वाट बघत होते. मी घड्याळ लावलं. (जुनी सवय, जात नाही.)

चार मिनिटं दहा सेकंद. मग ती म्हणाली, "सर, आलं."

असो. तुमच्याकडे कोणी टेट दिली असेल, किंवा माझ्यासारखे फोल्डर लावले असतील, तर जरूर लिहा. दाजींनी लिहिलं तर त्यांना उत्तर मी देईनच.